देवापुढचा बल्ब

काल शेजारणीने गाडीच्या बॅटरीवरचा पांढरा थर गरम पाण्याने धुतला. तो आंबूस वास आला आणि मलकापुरात बसल्या बसल्या मी सांगलीला, विश्रामबागेतल्या सासरच्या दारात जाऊन पोचले बघा.

लग्नाला महिना झालेला. लग्नानंतर मला ज्या गाडीतून सासरी आणलं, ती दोन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरायची. सासूबाई म्हणायच्या, "पांढऱ्या पायाची हाय. गाडी नीट झाली न्हाई तर हिला आटपाडीला म्हायेरी धाडा."

मिस्त्रीने सगळे फ्यूज काढले, तरी बॅटरीतून जाणारा करंट दाखवणाऱ्या मीटरचा काटा खाली येईना. मग त्याला गाडीतल्या देवापुढचा लाल बल्ब दिसला. तो रात्रंदिवस तेवावा म्हणून सासूबाईंनी वायर थेट बॅटरीला जोडून घेतलेली.

"आवं काकू, सुनेचं पाय कशाला बघता? तुमचा द्येवच बॅटरी पितोय."

गल्ली हसली. जीव इतका हलका झाला की मीही पदराआड हसले. सासूबाईंनी नेमकं ते पाहिलं.

मिस्त्रीने बल्ब किल्लीवर जोडला, किल्ली फिरवली तरच पेटेल असा, बॅटरी चार्ज केली. गाडी एका दमात सुरू झाली. "आता चालू हाय तवर सोडून ये हिला," सासूबाई म्हणाल्या. ह्यांनी माझी ट्रंक डिकीत ठेवली.

आटपाडीला मला दारात उतरवलं, तेव्हा ह्यांनी इंजिन बंद केलं नाही. बॅटरीच्या भीतीने बंद केलं नसेल, असं मी कितीतरी वर्षं धरून चालले होते.