संगणकाच्या खोलीबाहेरच्या चपला

वारज्याच्या आमच्या शाळेत प्रार्थनेला हॉलमध्ये चपला काढून बसायची पद्धत होती. प्रार्थना संपली की पोरं पायात येईल ती चप्पल घालून पळायची. वर्ष संपताना पोतंभर चपला उरायच्या, बहुतेक एकेकट्याच. एका पायात चप्पल घालून घरी आलेल्या पोराला आई काही विचारते की नाही, हे मला कधी कळलं नाही. मी त्या शाळेतली शिपाई. मला सगळे मावशी म्हणायचे. शिक्षिकासुद्धा, आणि त्यांतल्या दोघी तर माझ्याहून मोठ्या होत्या.

मुख्याध्यापिकेला आम्ही मोठ्या बाई म्हणायचो. मे महिन्यात बाकीच्या शिक्षिका माहेरी आंबे खात असायच्या, तेव्हा या रोज शाळेत. प्रत्येक वर्गात जाऊन पोरांच्या बाकावर अंग चोरून बसायच्या आणि तिथून फळा नीट दिसतो का ते बघायच्या. नाही दिसला तर बाक हलवायचं काम माझं.

त्या वर्षी बाक हलवून भागणार नव्हतं. आजूबाजूला इमारती उठत होत्या. कॉम्प्युटरच्या कंपन्यांत नोकरी करणारी मंडळी राहायला आली होती आणि त्यांची मुलं बसमध्ये बसून इंग्रजी शाळेत जात होती. ते बघून जुन्या घरांतली मुलंही बसमध्ये चढायला लागली. पहिलीला मुलं कमी आली तर एक तुकडी तुटणार आणि सगळ्यांत नवीन शिक्षिका संस्थेच्या वाघोलीच्या शाळेत जाणार, असं ठरल्यातच जमा होतं. वाघोली म्हणजे पुण्याचं पार दुसरं टोक. पोरगी गुणी होती. रडकी पोरं तिच्यापुढे गप्प व्हायची, आणि माझा चहा ती नावं न ठेवता प्यायची. मला दुसऱ्या गोष्टीचं जास्त कौतुक होतं.

मोठ्या बाईंनी ठरवलं, शाळा उघडायच्या आधी एका रविवारी पालकांना बोलवायचं आणि सगळी शाळा हिंडून दाखवायची. भिंती रंगवल्या, नळ दुरुस्त केले, शिक्षिकांना घरोघरी पाठवलं. एका साहेबांनी कंपनीतला जुना संगणक दिला होता, त्याला वेगळी खोली दिली. पडदे लावले, संगणकावर झालरीचं कापड घातलं. बाहेर पाटी लावली : चपला बाहेर काढाव्यात. तेव्हा संगणकाचं सोवळं देवघराहून कडक होतं.

"आणि मावशी, ते चपलांचं पोतं टाकून द्या," त्या म्हणाल्या.

मी पोतं उचललं, पण मला ती पाटी दिसली. एवढी मोठी पाटी आणि खाली एक चप्पल नाही, ते काही बरं दिसेना. रविवारी सकाळी मी संगणकाच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि बाहेर सगळं पोतं मांडलं. थोड्या तिरक्या, थोड्या उलट्या, पोरं काढतात तशा.

पालक आले, बरेच जण पोरांना घेऊन. एक बाई कुजबुजल्या, "सुट्टीतसुद्धा वर्ग चालू आहे?"

"दिसतंय ना," मी म्हटलं.

नातवासाठी आलेले एक आजोबा दाराला कान लावून उभे राहिले. "एवढी मुलं आत, आणि आवाज कसा नाही?"

"संगणकाला आवाज चालत नाही."

आजोबांनी मान डोलावली. सगळं छान चाललं होतं. तेवढ्यात मागच्या गल्लीतल्या एक बाई आल्या. त्यांची थोरली आमच्याकडे तिसरीत होती. धाकटीला मात्र इंग्रजी शाळेत घालायचं चाललं होतं. त्यांनी खाली वाकून एक चप्पल उचलली.

"अहो, ही आमच्या थोरलीची! पट्ट्याला निळ्या दोऱ्याचा टाका मीच घातलाय. आणि ती तर मामाकडे साताऱ्याला आहे!"

सगळे चपलांकडे बघायला लागले. आजोबांनी काठीने चार चपला सरकवल्या. "सगळ्या डाव्याच कशा काय हो?"

मोठ्या बाई मागून येत होत्या. त्यांनी चपला बघितल्या, मग माझ्याकडे बघितलं. पुढे होऊन दार सताड उघडलं. आत झालर पांघरून एकटा संगणक.

"आत कोणी नाही," त्या म्हणाल्या. "संगणक एकच आहे. तो आमच्यात फक्त या बाईंना चालवता येतो." त्यांनी नव्या शिक्षिकेकडे बोट केलं. "पहिलीला मुलं आली तर या इथे राहतील. नाही आली तर वाघोलीला जातील."

"एवढं खरं बोलायचं होतं, तर चपला कशाला मांडल्यात?" आजोबा म्हणाले.

"त्या मी नाही मांडल्या. मी मांडल्या असत्या तर जोडीने मांडल्या असत्या."

आजोबा एवढे हसले की त्यांना बाकावर बसवून पाणी द्यावं लागलं. नव्या शिक्षिकेने संगणकावरचं कापड काढलं आणि पोरांना पुढे घेऊन चित्र काढून दाखवायला लागली. पोरं हलेनात, म्हणून पालकही हलेनात.

निळ्या टाक्याच्या बाई मात्र दारातच. "दुसरी कुठे आहे?"

"धाकटीचं नाव घाला, शोधून ठेवते," मी म्हटलं.

"ही अडवणूक झाली, मावशी."

"झाली तर झाली."

त्या निघाल्या. जाताना चप्पल घेऊन गेल्या. मला वाटलं, संपलं. पण शाळा उघडली त्या दिवशी धाकटीचं बोट धरून हजर. "थोरलीचा पाय वाढलाय," म्हणाल्या, "पण हिला बसेल. द्या दुसरी." ती मला नव्या शिक्षिकेनेच कपाटामागून काढून दिली होती. तुकडी टिकली. वाघोलीची बदली रद्द झाली, आणि माझ्या चहाला नावं न ठेवणारं एक माणूस शाळेत उरलं. मोठ्या बाई महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलल्या.

पुढच्या मेमध्ये त्या पोरांच्या बाकावर बसून फळा बघत होत्या. मी केर काढत होते.

"मावशी, यंदाच्या चपला?"

"टाकतेच आज."

त्यांनी फळ्यावरची नजर काढली नाही. "राहू द्या. फक्त जोड्या लावून ठेवा."