डावीकडे जड

दशरथ परब गाडीला नुसता हात लावून तिचा रोग सांगतो, असं दहिसर चेकनाक्याच्या आसपासचे टेम्पोवाले म्हणत. ते बरंचसं खरं होतं. बॉनेटवर तळवा ठेवला की इंजिन कुठे अडखळतंय ते त्याला कळे. चाक हलवून बघितलं की बेअरिंग किती दिवसांचा सोबती आहे ते तो सांगे. मीटर-गेज लावणाऱ्यांना तो हसायचा. ''नाडी कळत नाही तो डॉक्टर फोटो काढायला पाठवतो,'' म्हणायचा.

बापाची गिरणी बंद पडली तेव्हा तो नदीकाठच्या या पत्र्याच्या शेडमध्ये कामाला लागला, आणि पुढे शेडचा मालक झाला. आयुष्य दुसऱ्यांच्या गाड्यांखाली गेलं. स्वतःची म्हणून एक सायकल काय ती झाली.

म्हणून एका जुन्या गिऱ्हाइकाने शेडमागे कुजत पडलेली आपली जीप दशरथच्या नावावर करून दिली, तेव्हा त्याची बायको मालन आधी हसली, आणि मग म्हणाली, ''आता तरी मला तुमच्या गाडीतून माहेरी न्या.''

तिचं माहेर कुडाळच्या पलीकडे. नव्या नवरीला त्यानेच सांगितलं होतं, की एक दिवस स्वतःची गाडी स्वतः चालवत तुला माहेरच्या अंगणात उतरवीन. ती नवरी आता साठीला आली होती. दशरथने ठरवलं, तिच्या गावच्या देवीच्या यंदाच्या जत्रेला जायचं. गाडी मी चालवणार.

जीपचं इंजिन गंजून जाम झालं होतं. कुर्ल्याच्या भंगारबाजारातून त्याने एका मोठ्या गाडीचं डिझेल इंजिन आणलं, ते बसवायला चासीवर नवे आधार वेल्ड केले, आरटीओत इंजिनबदलाची नोंद करून घेतली. या इंजिनाचं वजन पुढच्या चाकांवर फार आलं, तेव्हा पॉवर स्टिअरिंग घातलं. पंप त्या इंजिनाचाच, स्टिअरिंगचा बॉक्स तिसऱ्याच गाडीचा. पंपाने तेल दाबाने बॉक्सात ढकलायचं आणि त्या दाबाने चाकं वळवायला हाताला मदत करायची. सगळा खेळ दाबाचा.

पहिल्या दिवशी स्टिअरिंग दगडासारखं. पण ते कोडं त्याने लगेच सोडवलं. पंपाची पुली मोठी होती, त्यामुळे इंजिन सावकाश चालताना पंप पुरेसा फिरतच नव्हता. लहान पुली बसवली, तेलातली हवा काढली, आणि स्टिअरिंग हलकं झालं.

उजवीकडे हलकं झालं. डावीकडे वळवताना मात्र जड ते जडच.

''बॉक्स आतून गळतोय,'' दशरथ म्हणाला. बॉक्स उघडून सगळे सील बदलले. फरक नाही. मग पंपातल्या दाबाच्या स्प्रिंगमागे त्याने एक वॉशर घातला. स्प्रिंग जास्त आवळली की दाब वाढतो. डावीकडे किंचित सुधारल्यासारखं वाटलं, म्हणून दुसरा घातला. तिसरा घातल्यावर पाइप फुटला आणि गरम तेल शेडभर उडालं.

तेलाने भरलेला शर्ट घरी मालनने उतरवून घेतला. हल्ली बटणं तीच लावायची, तीच काढायची.

''हात दुखता काय हो?'' तिने विचारलं.

''नाय गो. पंपाचाच काय तरी आसा.''

स्टिअरिंग बसवण्याआधी, दिवाळीपूर्वी एका सकाळी तो उठला तेव्हा उजवा हात खांद्यापासून बधिर होता आणि जीभ जड पडली होती. दुपारपर्यंत बोलणं सुधारलं. अंगाखाली हात आला असेल, असं म्हणून त्याने तो विषय मिटवला होता. मालनने डॉक्टरचं नाव काढलं की तो उठून शेडवर जायचा.

जत्रा दोन आठवड्यांवर आली तेव्हा बळवंत आला. बळवंत गोराईचा कोळी, दशरथचा जुना दोस्त. त्याच्या बोटीवर जाळं ओढायचं यंत्रही तेलाच्या दाबावर चालतं, तिथला दाब मोजायचा गेज त्याने पिशवीत घालून आणला होता.

''ते घड्याळ ठेव तुझ्याजवळ,'' दशरथ म्हणाला. ''माझा हात आहे ना.''

''हात आहे म्हणून तर पाइप फोडलास. सरक.''

बळवंतने नव्या पाइपमध्ये गेज जोडला आणि इंजिन चालू केलं. डावा हात सवयीने गिअरवर ठेवून दशरथने उजव्या हाताने स्टिअरिंग उजवीकडे शेवटपर्यंत नेलं. काटा चढला. मग डावीकडे. त्याचा चेहरा ताणला गेला, पण काटा तेवढाच चढला.

''सारखाच आहे रे,'' बळवंत म्हणाला. ''उलट दोन्हीकडे जास्तच आहे.''

''गेज खोटा आहे.''

बळवंत स्वतः चढून बसला. उजव्या हाताच्या दोन बोटांनी त्याने स्टिअरिंग डावीकडे फिरवलं.

''तुझं काय सांगतोस!'' दशरथ म्हणाला. ''जाळी ओढून ओढून बैल झालायस तू.''

''बरं, मग वहिनींना बसव.''

मालन डबा घेऊन नुकतीच आली होती. ''मी? अहो, मला नाही बाई कळत त्यातलं.''

''कळायचं काय त्यात? बसा तर. डावा हात मांडीवर, उजव्याने धरा. हां. आता डावीकडे.''

मालनने पदर खोचला आणि जपून फिरवलं. पुढची चाकं जमिनीवर करकरत डावीकडे वळली. तिला हसूच आलं. ''अगो बाई! कितक्या हलक्या आसा ह्या!''

हसत तिने वर बघितलं. दशरथ गाडीकडे बघत नव्हता. आपल्या उजव्या हाताकडे बघत होता. तो हात उचलून त्याने हवेत तसाच डावीकडे फिरवायचा प्रयत्न केला. हात छातीपर्यंत आला आणि खाली गेला.

मालन खाली उतरली. डबा कुठे ठेवला होता ते तिला आठवेना.

बळवंतने इंजिन बंद केलं. ''उद्या डॉक्टरकडे जाऊ या. होतो बरा हात. माझ्या चुलत्याचा झाला होता.''

दशरथने डाव्या हाताने पाना उचलला आणि पंप उघडायला लागला. नट दोनदा हातातून सुटला. बळवंत पुढे झाला तसं तो म्हणाला, ''राहू दे.'' स्प्रिंगमागचे तिन्ही वॉशर त्याने काढले, फडक्याने पुसले आणि नट-बोल्टच्या डब्यात टाकले.

''काढलेस कशाला?''

''माझ्या हातासाठी घातले होते. जत्रेला तू चालवणार तर एवढा दाब नको. घाटात पुन्हा पाइप फुटेल.''

''आणि तू?''

''मी मागे बसेन.''

मालनने तोंडाला पदर लावला आणि ती नदीच्या बाजूला जाऊन उभी राहिली. ती तिथून म्हणाली, ''नको मला जत्रा.''

''असा काय करतस गो?'' दशरथ हळूच म्हणाला. ''जावया आपण. देवीची ओटी भरूची आसा तुका.''

पंप परत बसवून त्याने बळवंतला गाडी चालू करायला सांगितलं. ''आता फिरव. आधी उजवीकडे. मग डावीकडे.''

बळवंत स्टिअरिंग फिरवत राहिला. दशरथ गेजसमोर उकिडवा बसून काटा बघत होता. स्टिअरिंगला त्याने हात लावून बघितला नाही.