मधली ओळ

शेजारच्या तांबेसरांना दिसत नाही. संगणक त्यांना पडदा वाचून दाखवतो. त्यांच्या लिनक्स प्रणालीवर प्रत्येक प्रोग्राम मूळ कोडपासून घरीच तयार होतो. काल अपडेटनंतर कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, नवा झाला, त्याला जोडलेला आवाजाचा भाग, मॉड्यूल, जुनाच राहिला आणि संगणक मुका झाला.

सर सांगतील त्या कमांड मी देत होतो, उमटेल ते वाचत होतो. दोनदा मॉड्यूल नव्याने तयार केलं. आवाज आला नाही.

“मधलं काही गाळलंत का?” सरांनी विचारलं.

“एक इशारा होता. नेहमीचाच वाटला.”

आता तो इशारा वाचून दाखवला. मॉड्यूल अजूनही जुन्या कर्नलसाठीच बनत होतं.

डोळे उसने देतानाही काय दाखवायचं, ते आपणच ठरवतो.

नवा कर्नल निवडून मॉड्यूल पुन्हा बनवलं आणि तिसऱ्या खेपेला आवाज परतला. सरांनी कीबोर्ड स्वतःकडे ओढला.

“राग मानू नका,” ते म्हणाले, “पण हा संगणक वाचताना कंटाळत नाही.”