कवेलूंमधून आलेला उजेड

अक्षर वाचण्यास पुरेल एवढा उजेड मन जागे ठेवण्यास पुरतो काय? या प्रश्नाचे उत्तर मला पन्नासच्या दशकातील एका पावसाळ्यात दवनीवाड्याजवळ मिळाले. पुराच्या ड्यूटीसाठी आमची सैन्याची सेक्शन धानाच्या एका गोदामात उतरली होती. मी हवालदार होतो.

गोदामाला खिडकी नव्हती; वर कवेलूंचे, म्हणजे कौलांचे, छप्पर. वायरलेस सेटजवळ दिवसाही कंदील जळे. ऑपरेटर सिग्नलमन येळे मूळचा चपळ. झोप पुरी, जेवण वेळेवर. तरी तिसऱ्या दिवसापासून तो मंदावला. हाक मारल्यावर उशिराने वळे.

नायक टेंभरे गोदाम होते त्याच गावचे. ते त्याला चिडवीत.

"काऊन रे येळे, अंडी उबवून राहिला का?"

"डोळे उघडे आहेत, नायकसाहेब."

"डोळे हायेत. तू कोठी हायेस?"

चौथ्या दिवशी दुपारी पावसाने उघाड दिली. टेंभरे शिडी घेऊन छपरावर चढले. मी दारातून ओरडलो, "ओले आहे. खाली या!"

"दरसाल कवेलू फेरतो, हवालदारसाहेब. याच्या डोक्श्यात जरा उजेड पाडतो."

तेवढ्यात सेटवर संदेश आला. पश्चिम टोल्यात, म्हणजे पश्चिमेकडच्या वस्तीत, एका घराच्या छपरावर सात माणसे अडकली होती. भिंत खचत होती. येळेने कागदावर 'पश्चिम' लिहिले आणि सुटकेसाठी निघालेल्या बोटीला 'पूर्व' सांगितले. थोड्या वेळाने बोटीवरून विचारणा झाली.

"पूर्व टोला रिकामा. खात्री करा. ओव्हर."

येळेने कंदिलाशी कागद धरला, वाचला आणि म्हणाला, "पूर्वच. ओव्हर."

त्याच क्षणी वरची कवेलू सरकली. उजेडाचा खांब सरळ टेबलावर उतरला. त्यात धानाचा कोंडा सोन्यासारखा तरंगत होता. आम्ही सारे वर पाहत राहिलो. येळे मात्र ताठ बसला. त्याची नजर कागदावर गेली.

"पश्चिम! बोट, पश्चिम टोला! पश्चिम! ओव्हर."

अक्षर तेच, माणूस तोच. बदलला होता फक्त उजेड. असे आश्चर्य मी पुढे संपूर्ण नोकरीत पाहिले नाही.

सातही माणसे बोटीत आली. त्यानंतर भिंत बसली.

उतरताना टेंभरे यांचा पाय घसरला. खाली दगडी ओटा होता. डॉक्टर येण्यापूर्वी ते गेले.

गोदामाच्या मालकाने तेवढी कवेलू पुन्हा बसवली नाहीत. तेथे काच लावली. त्या गावी गेलो की मी त्या उजेडात थोडा वेळ उभा राहतो.

मी सांगतो म्हणून हे मानू नये. भरदुपारी दार लावून कंदिलाशी काही बेरजा कराव्यात. मग दार उघडून तशाच आणखी कराव्यात, आणि स्वतः पडताळून पाहावे.