वकिलातमावशी आणि जोडीची फुलं

सिडनीच्या पेंडल हिलला आज माझं स्वतःचं केटरिंगचं किचन आहे, ते वकिलातमावशींमुळे. हे आधीच सांगून टाकतो, कारण मी बोलायला लागलो की मुख्य माणूस राहून जातो.

मावशी एस्टोनियाच्या. उभी हयात शेजारच्या लात्व्हियात, स्वतःच्या देशाच्या वकिलातीत, व्यापाराचं काम बघण्यात गेली. लग्नही तिथल्याच माणसाशी. रिटायर झाल्यावर मुलीपाठोपाठ सिडनीला आल्या, पण काम काही अंगातून गेलं नाही. मी कामाला होतो त्या फराळाच्या दुकानात दोन गिऱ्हाइकं शेवटच्या ढोकळ्यावरून भांडली तरी त्या मध्ये पडायच्या. "आधी चहा. उपाशीपोटी केलेला करार टिकत नाही." ढोकळा अर्धा-अर्धा व्हायचा.

त्यांचं गाव एकच, पण मधून दोन देशांची हद्द. "आमचं सरकार बिअरवर कर वाढवतं," त्या डोळे मिचकावून सांगायच्या, "मग आमचे लोक रस्ता ओलांडून लात्व्हियात जातात आणि गाडी भरून आणतात. तिथले दुकानदार आमच्या सरकारला दुवा देतात. शेजारधर्म म्हणतात तो हाच!" मी नववीतून शाळा सोडलेला. भूगोल असा शिकवला असता तर बसलो असतो की वर्गात!

मी तेव्हा त्या दुकानात मागे भांडी घासायचो, जमेल तसे वडे तळायचो. बायको वेस्टमीडच्या हॉस्पिटलात नर्स, तिच्या व्हिसावर आलेलो. इंग्रजीत फोन आला की मी तो दुसऱ्याच्या हातात द्यायचो. "शेफ," मावशी म्हणायच्या, आणि मला शेफ म्हणणारं दुसरं कुणी नव्हतं, "घाबरणं हीसुद्धा मेहनतच आहे. फक्त तिचा पगार मिळत नाही."

गेल्या वर्षी दोन्ही देशांच्या इथल्या व्यापाऱ्यांचा मेळावा ब्लॅकटाउनच्या एका हॉलमध्ये ठरला. लाकूडवाले, सॉफ्टवेअरवाले, डबाबंद मासेवाले, शिवाय वकिलातींतले पाहुणे. व्यवस्था मावशींकडे होती, त्यांनी जेवण माझ्यावर सोपवलं. "जमलं तर पुढचे सगळे कार्यक्रम तुझे. मग स्वतःचं किचन घे." आणि बिघडलं तर पुन्हा भांडी, हे मी मनातल्या मनात जोडलं. बायको म्हणाली, "अरे, तुला वडे तळायचेत. करारावर सही नाही करायची!"

फलकावर कुठल्या देशाचं नाव आधी, यावर आठवडाभर खल चालला होता. मावशींनी दोन फलक केले, दोन दारांवर लावले. "ज्याला जे दार आवडेल त्यानं त्यातून आत यावं. वडे एकच आहेत."

टेबलं मी हौसेनं सजवली. प्रत्येक फुलदाणीत दोन-दोन गुलाब. दोन देश, छान जोडी, शुभ काम! मावशी आत आल्या, बघत राहिल्या आणि हसता हसता खुर्चीतच बसल्या.

"शेफ, आमच्या दोन्ही देशांत दोन, चार अशी जोडीची फुलं फक्त मयताला नेतात!"

बाहेर गाड्यांची दारं वाजत होती. "काढतो सगळी," म्हणत मी धावलो.

"थांब. तो तुझा झेंडू कुठाय?"

दाराला तोरण करायला आणला होता, वेळ मिळाला नव्हता. मावशींनी पटापट प्रत्येक फुलदाणीत एकेक झेंडू खोवला, दोनाची तीन फुलं झाली. शेवटचा खोवतात तोवर लात्व्हियाचे एक बडे पाहुणे टेबलापाशी पोचले. "हे मधलं पिवळं फूल कशासाठी?"

"दोन गुलाब आपल्या दोन देशांचे, हे स्वयंपाक्याच्या देशाचं," मावशी शांतपणे म्हणाल्या. "शेजाऱ्यांनी एका टेबलावर बसावं असं वाटत असेल, तर जेवायला घालणारा बाहेरचा हवा."

हॉल हसला. मग वड्यांचं ताट खाली ठेवायला मिळेना. कुणाचे धुरी दिलेले मासे चांगले, यावर दोन्ही देशांत जुंपली, आणि एका लाकूडवाल्यानं चक्क मासा वड्यात घालून खाल्ला. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा त्याच्यामागे रांग लागली होती. निघताना दोन्हीकडच्या लोकांनी पुढच्या मेळाव्यासाठी मलाच विचारलं. मावशी कोपऱ्यातून असा अंगठा उंचावत होत्या, जणू तह त्यांनीच केला.

या मार्चमध्ये मावशी कायमच्या आपल्या गावी परतल्या. एअरपोर्टवर मी रडायला लागलो. त्यांनीच दटावलं, "रडू नकोस, इमिग्रेशनवाले माझ्याकडे संशयानं बघताहेत."

मावशी, एक दिवस मी तुमच्याकडे येणार आहे. तुमच्या ओट्याचा ताबा घेईन, तुम्हाला खुर्चीतून उठू देणार नाही, आणि हद्दीच्या दोन्ही बाजूंच्या तुमच्या शेजाऱ्यांना पोटभर जेवू घालीन. तेवढ्यानं फिटणार नाही, ठाऊक आहे. पण सुरुवात तिथून करीन.