कापड पाहून घेतलेली नाव

मी घाबरट माणूस. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नाव बाळगणारा शूर असतो असा कुणाचा समज असेल तर तो जाईल. आमचं घर कोष्ट्यांचं. वडिलांनी जन्मभर मागावर लुगडी विणली, मी त्यातून सुटून शिवणयंत्रावर बसलो. अंबाझरी तलावावर साहेब लोक शिडाच्या नावा फिरवत, त्यांची फाटकी शिडं माझ्याकडे शिवायला येत. त्या नादात एक जुनी, जेमतेम दीड माणसाची नाव माझ्या गळ्यात पडली. दर रविवारी मी ती पाण्यात घाली आणि बायको पोरीला घेऊन बांधावर बसे.

पोरगी पाच वर्षांची झाली आणि नावेत बसायचा हट्ट धरू लागली. त्या होडक्यात तिघं मावणं शक्य नव्हतं. शिवाय बायकोला पाण्याचं फार भय. तिचा धाकटा भाऊ उमरेडच्या तळ्यात बुडून गेला होता. ती एवढंच म्हणाली, "मोठी नाव पाहा. एक डाव बसीन मी. भेव वाटलं तं पुन्हा बसणार नाही, अन् पोरीलेही बसू देणार नाही."

एकच डाव. त्या दिवसापासून माझं कामात लक्ष लागेना. शिवताना टाके चुकू लागले, एका वकिलाच्या कोटाला मी दोन्ही बाह्या डाव्या लावल्या.

लढाई नुकतीच संपली होती आणि साहेब लोक गाशा गुंडाळत होते. एका बंगल्यातल्या दोन नावा विकायला निघाल्या. एक मांडवाखाली कोरडी ठेवलेली, रंग चकचकीत, वर छप्पर, आत निजायला दोन फळ्या आणि स्टोव्ह ठेवायला कोनाडा. दुसरी तेवढीच मोठी, पण तलावाच्या काठाशी पाण्यात पार बुडालेली, आणि तिचं शीड उंदरांनी खाल्लेलं. राखणीला एक म्हातारे ढिवर होते, जन्म मासेमारीत आणि नावेवर गेलेले.

मी कोरड्या नावेचं शीड उलगडलं. उन्हाला धरून पाहिलं, उभं ओढलं, आडवं ओढलं, शिवण न् शिवण बोटानं तपासली. कुठं विरलं नव्हतं. माझा जीव भांड्यात पडला.

"मास्टर, कापडच पाहून राहिले तुम्ही," ढिवरबाबा म्हणाले. "लाकूड पाहा ना. त्या दुसरीले तं हातही नाही लावला."

"बुडालेली नाव कोण घेते, बाबा?" मी जरा तोडूनच म्हणालो. कापडातलं मला कुणी शिकवावं हे मला कधीच खपलं नाही. ते तंबाखू मळू लागले.

तरी माझी खात्री होईना. मी तीनदा जाऊन आलो. चौथ्यांदा शेजारचे चार जण नेले आणि त्यांना मांडवाखालच्या नावेत बसवून पाहिलं. घरी येऊन बायकोला सांगितलं की चौघांनी हलली नाही. "जमिनीवर कोणती नाव बुडते?" ती म्हणाली. शेवटी लहान नाव विकून, वर थोडे पैसे घालून मी ती कोरडी घेतली.

ऐन वैशाखात ती पाण्यात घातली. बायको डबा घेऊन बांधावर उभी होती. आधी ढिवरबाबा आणि मी फेरी मारून येऊ, असं ठरलं. पन्नास हात गेलो नाही तोच पाणी घोट्याला लागलं. मी ओरडलो. बाबांनी शांतपणे नाव वळवली.

"सुकली आहे. उन्हानं फळ्या आकसल्या. आठ दिवस बुडवून ठेवा, लाकूड फुगीन, फटी आपसूक मिटतीन. त्या दुसरीले मी काहून बुडवली होती?"

बायकोनं सगळं पाहिलं होतं. तिनं डबा पुन्हा पिशवीत घातला. तिच्यासमोर आम्ही नावेत धोंडे घातले आणि ती बुडवली. ते आठ दिवस कसे काढले, माझं मला माहीत.

नवव्या दिवशी पाणी उपसलं. बाबांनी तासभर फिरवून दाखवली, आत थेंब आला नाही. मी शीड लावून नावेत बसलो आणि बायकोपुढे हात केला.

"तुम्ही उतरा," ती म्हणाली. "पोरीले धरा. मी बाबांसंगं जातो."

"काहून?"

"दोघंही गेलो तं हिले कोण पाहीन? अन् लाकूड त्याइनं पाहिलं होतं, तुम्ही नाही."

उतरलो. दुसरं करणार काय? नाव निघाली, वारा भरला, पार मधोमध गेली आणि एका अंगावर कलली. आपलं माणूस आत असताना कललेली नाव मी कधी बांधावरून पाहिली नव्हती. ती आता वळेल, मग वळेल, असं मी मोठ्यानं म्हणत होतो, आणि पोरगी मला म्हणत होती, "बाबा, हात दुखते."

नाव काठाला लागली. "भेव वाटलं?" मी विचारलं.

तिनं पोरीच्या मनगटावरचे माझ्या बोटांचे वळ पाहिले.

"नावेत नाही वाटलं," ती म्हणाली. "बांधावर वाटते. दर ऐतवारी."

मग तिनं पोरीला उचलून आत घेतलं आणि सरकून माझ्यासाठी जागा केली.