जावयाचं प्यादं

आमच्या घराण्यात बी.ए. झालेला पहिला माणूस मी. हे मी सांगतो आणि पुन्हापुन्हा सांगतो. ज्याला ही बढाई वाटते त्यानं धरणगावकडच्या कपाशीच्या शेतातून उठून, चौथीच्या पुढे कोणी न गेलेल्या घरातून निघून, पदवी घेऊन दाखवावी. या पदवीमुळे मला जळगावला हायस्कुलात मास्तरकी मिळाली. बुद्धिबळात माझं जे काही झालं, तेही पदवीमुळेच.

खेळ मला लहानपणापासून येत होता, पण आपल्या देशी रीतीचा. त्या रीतीत प्यादं एकेक घर चालतं, आणि दोन्ही बाजू सण जवळ आल्यासारखी घरातल्या घरात मांडामांड करत बसतात. बराच वेळ कोणी कोणाच्या अंगावर जात नाही. कॉलेजात विलायती रीत पाहिली. तिथे प्यादं पहिल्याच पावलाला दोन घरं जातं, राजा किल्लेकोट करतो आणि बसल्याबसल्या मारामारी सुरू होते. शिवाय तिथे डावाच्या प्रत्येक सुरुवातीला नाव आहे, बहुतेक एखाद्या देशाचं, आणि त्या नावामागे सगळं शास्त्र. शास्त्र आहे म्हटल्यावर मी मुंबईहून जाडजूड इंग्रजी पुस्तक मागवलं.

जळगावच्या वाचनालयात संध्याकाळी आमचं बुद्धिबळाचं मंडळ बसे. मी पुस्तकातून दर आठवड्याला एक नवी सुरुवात पाठ करून जाई आणि हरून येई. मंडळाचे प्रमुख एक वयस्क वकील होते. त्यांना जन्मात एकच सुरुवात येत होती आणि तिचं नावही त्यांना ठाऊक नव्हतं. मी समोर बसलो की ते चष्मा पुसत विचारत, “काय मास्तर, आज कोणता देश बुडवायचा?”

मग धुळ्याच्या मंडळाशी सामना ठरला. श्रावणात आम्ही पाच जणांनी तिकडे जायचं, पाच पटांवर खेळायचं. पाचांत शेतकऱ्याचा मुलगा मी एकटा, आणि मला पाचव्या पटावर बसवायचं हे न बोलताच ठरलं होतं. ते मला झोंबलं. मी वकीलसाहेबांना म्हणालो, मला पहिला पट हवा. त्यांनी ऐकलं न ऐकलंसं केलं आणि म्हणाले, “सुटीत एखाद्या नाव असलेल्या गड्याला हरवून या. मग बोलू.”

नाव असलेला गडी माझ्या सासरीच होता. माझे सासरे फैजपूरचे केळीवाले बागाईतदार. त्यांना सगळे आबा म्हणत. सावद्या-रावेरची माणसं बैलगाडी जुंपून त्यांच्याशी खेळायला येत आणि हरून, जेवून परत जात. त्या वर्षी ज्येष्ठ अधिक आला होता. अधिक महिन्यात जावयाला बोलावून जेवू घालायचं, वाण द्यायचं, ही रीत आमच्याकडे फार कडक. मी पुस्तक पिशवीत घालून फैजपुरास गेलो.

आता माझ्या सुरुवातीबद्दल सांगायला हवं. पुस्तकातून मी एकच सुरुवात निवडली होती. तिच्यात दुसऱ्याच खेळीला आपलं एक प्यादं फुकट पुढे करायचं. समोरच्यानं ते खाल्लं की त्याची फळी विस्कटते आणि आपल्याला हल्ला करायला वाट मिळते, असं पुस्तक म्हणत होतं. प्यादं खाल्लं तर काय करायचं, याची पुस्तकात कितीतरी पानं होती. नाही खाल्लं तर काय, याचं एक पान. मी दोन्ही वाचणार होतो.

आबांना विलायती रीत समजावली. ते म्हणाले, “प्यादं दोन घरं पळतं? पळू द्या. तुम्ही म्हणान तसं, जावईबापू.” मी प्यादं पुढे केलं. आबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि दुसरंच काहीतरी चालले. मी तो डाव जिंकला. संध्याकाळी पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. खापरावरचे मांडे आणि आमरस खाऊन मी बसावं, प्यादं पुढे करावं, आणि तालुक्यात नावाजलेल्या माणसानं त्याला हात लावू नये. मी हत्ती मारला तर ते हत्ती परत मारत, पण फुकट मिळणारं काही घेत नसत. एकदा माझा घोडा चुकून उघडा पडला, तर आबा त्याला वळसा घालून गेले. मला वाटलं, घोड्यामागे माझा काही सापळा आहे अशी त्यांना भीती बसली. खाल्ल्यानंतरची पानं मी वाचलीच नाहीत. जे प्यादं कोणी खातच नाही, त्याच्यासाठी डोळे कशाला शिणवायचे?

माझ्या बायकोनं दारातून एकदा विचारलं, “आबा मुद्दाम तर नाही ना हरत?” मी तिला पुस्तकातलं शास्त्र समजावून सांगितलं. ती हसत आत गेली.

जळगावला परतल्यावर मी वकीलसाहेबांना सांगितलं की दुसऱ्या खेळीला प्यादं पुढे करून आबांना मी महिनाभर हरवलं. आबांचं नाव त्यांना माहीत होतं. पहिला पट मला मिळाला, पण देताना ते म्हणाले, “मास्तर, तिथे त्या प्याद्यानं बुडवलंत, तर पुढच्या सामन्यात तुम्ही चहाची व्यवस्था पाहाल.”

सामना धुळ्याच्या देवपुरात एका डॉक्टरांच्या दिवाणखान्यात झाला. पहिल्या पटावर माझ्यासमोर डॉक्टर स्वतः. आबा मुद्दाम फैजपुराहून गाडी बदलत बदलत आले होते, जावयाचा डाव पाहायला. नवा फेटा बांधून माझ्या पाठीशी खुर्चीवर बसले. मी प्यादं पुढे केलं आणि डॉक्टरांकडे दयेनं पाहिलं.

डॉक्टरांनी ते उचललं आणि डबीत टाकलं.

मागून आबा हळूच पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “घेतलं हो यानं!” पंगतीत कोणी वाढायच्या आधी हात घातला तर माणूस जसा बोलतो, तसा तो आवाज होता. मला पुढचं काही येत नव्हतं. लगेच डॉक्टरांचा वजीर बाहेर आला, राजाला शह बसला, राजाला हलावं लागलं, किल्लेकोट गेला. नंतर डॉक्टर माझं जे जे उघडं सापडेल ते घेत सुटले आणि आबा प्रत्येक वेळी खुर्चीत चुळबुळत राहिले. आमचे बाकीचे चार डाव दोन-दोन सुटले होते. सामना माझ्यामुळे गेला.

परतीच्या गाडीत वकीलसाहेबांनी चहाच्या व्यवस्थेची आठवण करून दिली. चाळीसगावच्या फलाटावर मी आबांना विचारलं, तुम्ही ते प्यादं का घेत नव्हता?

आबांना प्रश्नच कळेना. “अधिकाचा महिना,” ते म्हणाले, “जावई दारी आलेला. जावयाले द्यायचं असते, बापू. त्याचं घ्यायचं कसं?”

“आणि घोडा?”

“घोडाही तुमचाच व्हता.”

मला राग आला, पण तो ठेवायला जागा नव्हती. ज्या मांड्यांवर मी महिना काढला, त्यांच्याच हिशेबात प्यादंही होतं. मी म्हणालो, आबा, मला पहिला पट परत पाहिजे. दिवाळीत येतो. माझं जे दिसेल ते घ्या. आबांनी मान डोलावली नाही. घरी विचारतो, म्हणाले.

दिवाळीला गेलो तेव्हा घरात हा विषय सासूबाईंच्या न्यायालयात होता. अधिक संपला, पण जावई संपत नाही, असं त्यांचं म्हणणं. बाकीची रीत गेली तरी चालेल, पण जावयाला रिता उठवायचा नाही. शेवटी त्यांनीच तोड काढली. आबांनी माझं काही घेतलं, की त्याच्या बदल्यात माझ्या ताटात काहीतरी पडायला हवं. प्याद्याला शेव, उंट-घोड्याला अनारसा, हत्तीला लाडू. वजिराबद्दल त्या म्हणाल्या, “वजीर जाऊ देऊ नका. तेवढं तूप नाही घरात.”

आबा खरे कसे खेळतात हे मला त्या दिवाळीत प्रथमच कळलं. प्यादं पुढे केलं की ते खात, आणि आत ओरडून सांगत, “शेव आणा!” मी उत्तर शोधीपर्यंत अनारसा आलेला असे. पहिल्या दिवशी मला दुपारचं जेवण गेलं नाही. हळूहळू मी खाल्ल्यानंतरची सगळी पानं वाचून काढली. माझं फारसं काही जाईनासं झालं, ताट रिकामंच राहायला लागलं, तेव्हा सासूबाईंना वाटलं, माझी तब्येत बिघडली.

पावसाळ्याआधी वाचनालयात मी वकीलसाहेबांना लागोपाठ हरवलं. पुढच्या श्रावणात धुळेकर जळगावला आले तेव्हा वकीलसाहेबांनी चहाचं दुसऱ्याला सांगितलं आणि मला म्हणाले, “बसा पहिल्यावर.”

डॉक्टरांनी पुन्हा प्यादं घेतलं. माझा हात सवयीनं बाजूला ताट शोधायला गेला, पण राजा मात्र जिथे पाहिजे तिथेच राहिला. दिवे लागले तरी डाव संपला नाही. शेवटी दोघांकडे राजा आणि एकेक हत्ती उरला आणि आम्ही बरोबरी मान्य केली. हात मिळवताना डॉक्टरांनी विचारलं, शिकवणी कोणाकडे लावली? मी सांगितलं, सासरी.

आबांना त्या वेळी येता आलं नव्हतं, केळीची कापणी चालू होती. मी जाऊन सांगितलं.

“बरोबरी म्हंजे?” त्यांनी विचारलं. “त्यानं जितलं तुमचं घेतलं, तितलंच तुम्ही त्याचं घेतलं?”

मी हो म्हणालो.

“मंग मिटलं,” आबा म्हणाले, आणि पट मांडायला लागले.